मेहमुदाभाभीचा उभा धागा

मेहमुदाभाभी कापडाशी बोलते, अशी आवई आमच्या कान्हे गावात कुणी उठवली ते मला ठावं न्हाई. पण ते साफ खोटं हाय. मी बावीस वर्षं तिच्या शेजारी बसून काजं-बटणं आन् तुरपाई करते, मला ठावं असणार का स्टेशनावर भेळ खात बसणाऱ्यांना? ती कापडाशी बोलत न्हाई. ती कापड कानाशी धरते आन् दोन्ही हातांनी झटका देऊन ताणते. उभ्या धाग्यावर ताणलं तर टणकन वाजतं. आडव्यावर ताणलं तर बसक्या आवाजात भप्प करतं. तिरकं ताणलं तर वाजतच न्हाई, नुसतं लांबतं. येवढंच. पण लोकांनी लांबून बघितलं, बाई कापड कानाला लावून डोळे मिटून उभी हाय, आन् झाली गोष्ट तयार. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिचं दुकान स्टेशनकडनं गावात येताना लागतं. दहा बाय बाराचा गाळा, दोन मशिनी, एक बेतायचं टेबल आन् वर पाटी, ‘मेहमुदा लेडीज टेलर’. पाटी तिच्या नवऱ्यानं, राजमहंमदभाऊंनी, सोता रंगवलेली. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. माणूस लाखातला, कात्रीवर हात बसलेला, पण अक्षर असं की ‘टेलर’पर्यंत पोचता पोचता ओळ पाटीच्या खालच्या कडेला टेकलीय. आख्ख्या दुकानात तेवढी एकच गोष्ट तिरकी हाय आन् भाभी ती बदलू देत न्हाई.

आता धाग्याचं सांगते. ते आधी सांगितलं न्हाई तर पुढचं तुमाला कळायचं न्हाई आन् मंग मलाच नावं ठेवाल. मागावर लांबीला ताणून बसवलेला असतो तो उभा धागा. त्याच्यात भरत जातो तो आडवा. कापडाचा काठ जिकडं धावतो तिकडं उभा धागा धावतो. वजन पेलायचं काम उभ्याचं. आडवा जरा ढिला. आन् ह्या दोघांना सोडून तिरकं कापलं, म्हंजी उरेब कापलं, की कापड लांबतं, लोंबतं, कुणाचं ऐकत न्हाई. गळ्याची पट्टी उरेब कापायची, तिला वळायचं असतं. बाकी अंगावरचं असो की खिडकीचं, उभा धागा वरनं खाली सरळ आला पायजे. भाभी म्हणते, माणूस जसा उभा असतो तसं कापड उभं ठेवायचं, आडवं व्हायची येळ काय, शेवटी एकदाच येते.

टाकव्याच्या रखमाजी आबांनी हे ऐकलं न्हाई. भाभी लेडीज टेलर, तिच्याकडं पायजमा कसा टाकायचा, म्हणून त्यांनी दुसरीकडं टाकला. त्या गड्यानं कापड वाचवायला एक पाय आडवा बसवला. दोन धुण्यात तो पाय असा पिळला की आतली शिवण फिरून गुडघ्यावर आली. आबा शेवटी आले दुकानात, आन् उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणले, “मेहमुदा, मी चाललोय टाकव्याला आन् ह्यो पाय चाललाय कामशेतला. काय तरी कर.” भाभी हसली न्हाई. मी हसले. मला आबा अजून बोलत न्हाईत.

तर अशी ही बाई. आता तिच्या डोळ्यांचं.

चार वर्षांमागं मला पहिल्यांदा संशय आला. सुई ओवायला ती माझ्याकडं द्यायला लागली. “नंदे, एवढी ओव गं, माझ्या हाताला तेल हाय.” रोज कसलं तेल असतंय हाताला? मंग रंग चुकायला लागले, निळ्याला हिरवा दोरा. मी गपचूप बदलायची. एकदा एक बाई दुकानात येऊन उभी राहिली तर भाभी तिच्याशी पाच मिनिटं शहिस्ता समजून बोलली. शहिस्ता म्हंजी तिची सून, फिरोजची बायको. त्या बाईनं पण बिचारीनं सगळं ऐकून घेतलं, भाजीत मीठ कमी घालत जा म्हणून.

मी विचारलं तवा तिनं कबूल केलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तळेगावच्या डॉक्टरनं सांगितलतं, ऑपरेशन करून टाका, साधी गोष्ट हाय, पण नंतर महिनाभर वाकायचं न्हाई, मशिनीवर बसायचं न्हाई. तो महिना तिला नको व्हता. फिरोज उर्स्याच्या एका कंपनीत तपासणीला हाय, बनलेले लोखंडी भाग मापात हायेत का ते बघतो. पोरगा चांगला हाय, पण भाऊ गेल्यापास्नं त्याचं एकच टुमणं, “अम्मी, आता बस कर. गाळा भाड्यानं देऊ, तू आराम कर.” दुकान महिनाभर बंद राहिलं की ते परत उघडायचं न्हाई, हे तिला पक्कं ठावं व्हतं. म्हणून घरात कुणाला सांगायचं न्हाई, अशी मला शपथ घातलेली. आन् सोताला पण घातलेली. “नंदे,” म्हणली, “ज्या दिवशी माझ्या हातनं लोकाचं कापड बिघडंल, त्या दिवशी मी कात्री शहिस्ताच्या हातात देणार आन् घरी बसणार. तवर बोटांना दिसतंय ना, बास.”

आन् खरंच दिसायचं बोटांना. काठावरनं बोट फिरवत जायची, नखानं एक आडवा धागा उचलायची आन् हळूहळू ओढून आख्ख्या पन्ह्यातनं, म्हंजी कापडाच्या रुंदीतनं, बाहेर काढायची. धागा निघाला की कापडावर एक बारीक वाट उरते. त्या वाटेवर लाकडी पट्टी ठेवून खडू ओढायचा. मी डोळ्यांनी जे आखलं असतं त्याच्यापेक्षा ते सरळ यायचं. हे मी त्या वेळंला तोंडानं म्हणायची, पण मनातनं मला ते पटलेलं नव्हतं. आता सांगते, आता लपवून काय करू.

ह्या भादव्यात शुभदाताई आल्या. लोणावळ्यात तुंगार्लीकडं त्यांचा बंगला हाय, शनिवार-रविवारी पाहुणे उतरतात. त्यांनी जाडं सुती कापड आणलतं, सुरतेहून, सायीच्या रंगावर हिरव्या वेली उभ्या चढत गेलेल्या. हॉलची एक मोठी खिडकी, चार पडदे. “मावशी, हे चार छान झाले की बाकीच्या सगळ्या खोल्या तुमच्याकडेच,” असं म्हणल्या. भाभीनं कापड कानाशी धरून वाजवलं. ताई जरा मागं सरकल्या.

लोणावळ्याच्या पडद्याची भाभीची एक रीत हाय. कान्ह्यात पुरा शिवून पाठवायचा न्हाई. तितली हवा ओली, कापड पाणी पितं आन् लांबतं. हितं मापात केलेला पडदा तितं चार दिवसात फरशी पुसायला लागतो. म्हणून खाली वीतभर दुमड ठेवायची, ती नुसती कच्च्या टाक्यानं धरायची, पडदा त्याच खिडकीला दोन दिवस लोंबू द्यायचा, आन् तिसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन आपण जायचं, तितंच बसून दुमड पक्की करायची. ती कामं मला लय आवडतात. चहा मिळतो, वर चिक्की पण मिळते.

त्या दिवशी सकाळी भाभीनं चारी तुकडे एकावर एक ठेवले, काठाला काठ लावून. प्रत्येक तुकड्यात वरनं चार बोटं सोडून आडवा धागा काढून ठेवलेला. मंग पट्टी धरून आखलं, आन् नमाज पढून जेवून येते म्हणून घरी गेली. मी भाकरीचं फडकं सोडत टेबलाशी उभी राहिले. खडूची रेघ वेलीला धरून चालतच नव्हती. वर वेलीच्या डाव्या अंगाला व्हती, खाली येईस्तोवर वेल ओलांडून तीन बोटं उजवीकडं गेलेली.

गेली बाई, म्हणलं. गेली शेवटी नजर.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? वाट बघितली असती, विचारलं असतं. पण मला वाटलं, विचारलं तर तिला कळंल की चुकलं, आन् चुकलं की ती शपथ काढणार, कात्री ठेवणार. तिची कात्री गेली म्हंजी माझी सुई पण गेली, हे पण मनात आलं, न्हाई कशाला म्हणू. आन् जरा बरं पण वाटलं. बावीस वर्षं जिनं माझ्या प्रत्येक काजाला नाव ठेवलं, तिची चूक मी झाकणार व्हते. मी ओल्या फडक्यानं खडू पुसला, पट्टी वेलीला लावली आन् चारी बाजू नव्यानं आखल्या. अगदी वेलीबरहुकूम. मंग बसून भाकरी खाल्ली, आन् ती गोड लागली.

भाभी आली, तिनं कात्री घेतली. पांढरी जाड रेघ तिला अंधुक दिसायची, त्यावरनं कापत निघाली. हातभर गेली आन् थांबली.

“आज कात्री जड चाललीय गं.”

“चार थर हायेत,” मी म्हणले. “जड चालणारच.”

“थरांचं जड येगळं असतं.” तिनं कात्री काढली, पात्यावरनं अंगठा फिरवला, परत लावली. परत हातभर. “हे धाग्याला कापत चालल्यावानी लागतंय. धाग्यासंगं जात न्हाई.”

“भाभी, धार गेली असंल. परवाच्याला लावून आणते.”

ती कापत राहिली. चारी पडदे कापून झाले. तिच्या हातानं तिला खरं सांगितलतं आन् मी तिला धारंचं सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण हितं बैल लोकाचा व्हता.

पडदे गेले, खिडकीला लागले. तिसऱ्या दिवशी आमी तिघी लोकलनं लोणावळ्याला गेलो, भाभी, मी आन् शहिस्ता. शहिस्तानं शिवणाचा कोर्स केलाय, पण ती बहुतेक मोबाईलवरच शिवते. शुभदाताईंनी दार उघडलं तवाच त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

“मावशी,” म्हणल्या, “हे असंच असतं का सुरुवातीला? की लटकून लटकून सरळ होतील?”

मी बघितलं. चारी पडद्यांचा एकेक कोपरा चांगला चार बोटं खाली लोंबलेला. एका बाजूची कड दांडीपास्नं खालपर्यंत लाटा घेत गेलेली, दुसरी ताणून बसलेली. भांडण झाल्यावर नवरा-बायको पाठ फिरवून बसतात तसे पडदे भिंतीकडं तोंड करून उभे व्हते. आन् वेली? वेलीसुदीक वाकड्या. जिच्यासाठी मी सगळं केलतं ती वेलच मेली सरळ राहिली न्हाई.

शहिस्ता फोटो काढायला लागली. भाभी पुढं झाली. तिनं कड चिमटीत धरली, वरनं खालपर्यंत बोटं फिरवत गेली, गुडघ्यावर बसून लोंबलेला कोपरा तळहातावर तोलला.

“उभा धागा सुटलाय,” म्हणली. “चारीत.” आन् ताईंकडं वळून, “चूक माझी हाय. कापड भरून देईन.”

त्या वेळंला मी तोंड उघडायला पायजे व्हतं. चिक्की आणून ठेवलेली, तिच्याकडं बघत बसले. खाई त्याला खवखवे, आन् मी तर अजून खाल्ली पण नव्हती.

पडदे पिशवीत भरून आणले. दुसऱ्या दिवशी भाभी दुकानात आली न्हाई. शहिस्तानं कुलूप उघडलं, हातात राजमहंमदभाऊंची कात्री. “अम्मीनं दिली,” म्हणली. “मी तर विचारलं पण नव्हतं, मावशी. म्हणाल्या, आता तू काप.” कात्री टेबलावर ठेवून पोरगी लांब बसली, जशी काय ती चावते.

चार दिवस गेले. मी रोज दुकानात जाऊन रिकामी बसायची. पाचव्या दिवशी एक माणूस मोजायची टेप घेऊन आला, गाळ्याची रुंदी घेतली, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकायचंय म्हणला. फिरोजनं पाठवलता. त्यानं वर पाटीकडं बघितलं आन् म्हणला, “ही काढावी लागेल.” मला काय झालं ते मला सांगता येत न्हाई. मी पडद्यांची पिशवी उचलली आन् तडक भाभीच्या घरी.

भाभी खाटेवर बसून लसूण सोलत व्हती. फिरोजची सुट्टी, तो चहा पीत व्हता. शहिस्ता माझ्या मागनंच आली. मी चपला पण काढल्या न्हाईत.

“भाभी, खडू मी पुसला.”

“कुठला खडू?”

“तू जेवायला गेलतीस तवा. तुझी रेघ वेलीला धरून नव्हती. मला वाटलं तुला दिसलं न्हाई. मी पुसून वेलीवरनं आखलं, आन् तू माझ्या रेघंवरनं कापलंस.”

तिच्या हातातला लसूण हातातच राहिला. फिरोजनं कप खाली ठेवला. “दिसलं न्हाई म्हंजी?” तो म्हणला. “अम्मी, तुला दिसत न्हाई?”

झालं. एक कबूल करायला गेले आन् दुसरं सांडलं. करायला गेले गणपती आन् झाला मारुती. चार वर्षांची शपथ मी तितं उंबऱ्यावर मोडली.

भाभीनं त्याच्याकडं लक्षच दिलं न्हाई. ती माझ्याकडं बघत व्हती, म्हंजी माझा आवाज जिकडं व्हता तिकडं. “पाच दिवस,” म्हणली. “पाच दिवस मी ह्या हाताला शिव्या घालतीय. रात्री उठून चादरीचा धागा चाचपून बघतीय, कळतोय का न्हाई म्हणून. कळत व्हता. तरी मला वाटायचं, हात खोटं बोलतोय. मला डोळे न्हाईत नंदे, हे माझं मी काढलं असतं. पण तू मला माझ्या हातावर संशय घ्यायला लावलास.”

मी रडले. रडणारच. बावीस वर्षांत ती माझ्यावर रोज ओरडली, पण आज ओरडली न्हाई.

“पडदा दे,” म्हणली.

तिनं एक पडदा खाटेवर पसरला. वरच्या कडंपासून चार बोटं खाली नख लावलं आन् शोधत शोधत थांबली. “हे बघ. फिरोज, तू बघ, तुला डोळे हायेत.” तिनं त्या दिवशी काढलेल्या धाग्याची वाट अजून कापडात व्हती, केसाएवढी बारीक. एका टोकाला कडंच्या चार बोटं खाली, दुसऱ्या टोकाला दीडच बोट. “ही वाट माझी. ती कड हिची. वेल छापणाऱ्यानं कापड वाकडं धरून छापलीय. वेल वरनं छापतात बाबा, ती कुठंबी जाईल. धागा विणलेला असतो.”

फिरोज तसा कच्चा न्हाई. “ते ठीक आहे,” म्हणला. कंपनीत लागल्यापास्नं तो असाच बोलतो. “पण दिसत नाही हे तर खरं ना? पुढच्या वेळेला काय?”

“चल दुकानात,” भाभी म्हणली.

गेलो सगळे. तिनं कात्री मागितली, शहिस्तानं पळत जाऊन दिली. वीतभर दुमड ठेवायची रीत आता कामाला आली, कापडात जागा व्हती. चुण्या थोड्या कमी येणार व्हत्या, येवढंच. भाभीनं पहिला पडदा पसरला, नखानं धागा उचलला आन् ओढायला लागली. मधे तो तुटला, तिनं बोटांनी परत त्याचं टोक धरलं. मंग उभ्याच्या अंगाला तसाच दुसरा. “शहिस्ता, हितं बोट ठेव. कळतंय? न्हाई? डोळे मिट, मंग कळंल.” शहिस्तानं डोळे मिटले, आन् थोड्या वेळानं म्हणली, “हां, अम्मी. लागलं.” पोरीचा चेहरा असा खुलला की मला तिच्या मोबाईलचं सगळं माफ.

खडू न्हाई, पट्टी न्हाई. भाभी धाग्याच्या वाटेवरनं कापत निघाली आन् कात्री अशी चालली की आवाज पण तुटला न्हाई.

फिरोज बाहेर गाडीकडं गेला आन् पिशवीतनं लोखंडी गुण्या घेऊन आला. काटकोन बघायचा, कंपनीतला. सोताच्या आईच्या पडद्याला ह्यानं गुण्या लावला, मेल्यानं. पहिल्या कोपऱ्याला लावला, डोळा बारीक करून बघितलं. दुसऱ्याला लावला. चारी कोपरे झाले. त्यानं गुण्या खिशात घातला, मोबाईल काढला, आन् दारात जाऊन कुणाला तरी म्हणला, “नाही भाऊ, गाळा द्यायचा नाहीये. चालू आहे दुकान.”

भाभीनं दुसरा पडदा पसरला. “नंदे, नुसती काय उभी हायेस? दुमडी धर.”

त्या चार पडद्यांना परत दोन दिवस लोंबवलं, लोणावळ्यातच. ओळंबा सोडल्यावानी खाली आले. वेली जराशा कलत्या दिसत व्हत्या, पण चुण्या पडल्यावर कुणाला कळणार? शुभदाताईंनी बाकीच्या खोल्यांची मापं त्याच दिवशी दिली.

दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. महिनाभर शहिस्तानं कापलं आन् मी बाकीचं बघितलं, आन् दुकान एक दिवस बंद राहिलं न्हाई. भाभी रोज फोनवर विचारायची, आज धागा कुणी काढला. दुसरा डोळा पण करून झाला, काळा चष्मा उतरला, आन् डॉक्टरनं हो म्हणल्यावर पहिलं ती म्हणली, “मला लोणावळ्याला ने. मी काय कापलं ते मी बघितलंच न्हाई अजून.”

गेलो दोघी. शुभदाताई चहा करायला आत गेल्या. भाभी हॉलच्या खिडकीपुढं उभी राहिली. लय वेळ बघितलं. वेलीवरनं बोट फिरवलं, पानावरनं, फुलावरनं.

“सुंदर हाय गं,” म्हणली. “येवढी सुंदर असंल असं वाटलं नव्हतं.” मंग जरा थांबून, “मला दिसत असतं ना नंदे, तर मी पण वेलीच्याच मागं गेले असते.”

तिनं मला माफ केलतं, आन् ते पण सोताला माझ्या शेजारी उभं करून. मी पदरानं डोळे पुसत व्हते तवर ती खाली वाकली. खालची दुमड उलटी करून उजेडात धरली. ही दुमड मी घातलेली. ती एकेक टाका बघत डावीकडनं उजवीकडं गेली, आन् मंग परत डावीकडं आली.

“हे टाके कुणाचे?”

“माझे. जरा घाई झालती गं त्या दिवशी.”

“त्याच दिवशी?”

मी पदर सारखा करायला लागले.

“मला दिसत न्हाई,” भाभी म्हणली, “हे चार वर्षं कुणाला ठावं व्हतं?”

एकट्या मला. पहिल्या वर्षी मी टाके बारीकच घालायची, देवाशपथ. मंग एकदा लांब पडले, ती काही बोलली न्हाई. मंग आणखी एकदा. माझ्या मनात कधी तिला फसवायचं नव्हतं, पण तिनं दुमडीवरनं बोट फिरवलं की मी मुद्दाम काहीतरी बोलायला काढायची, हे पण खरं हाय. खडूचं मी कबूल केलं. हे मात्र तिला सोताला बघावं लागलं.

तिनं पिशवीतनं ब्लेड काढून माझ्या हातात दिलं आन् माझ्यासमोर फरशीवर फतकल मारून बसली. चष्मा पुसला, सुई घेतली, आन् माझ्याकडं न देता पहिल्या झटक्याला सोता ओवली.

“तू उसव,” म्हणली. “मी बघते.”

शुभदाताई चहा घेऊन आल्या तवा मी पहिल्या पडद्याच्या अर्ध्यात आलते.